मोल क्रिकेट नेमका काय खातो: रोपांची मुळे, की मातीतले किडे?

परसबागी (प्रश्न)

नमस्कार. भाजीच्या रोपांच्या वाफ्यात गेले काही आठवडे एक त्रास सुरू आहे. त्याचे कारण आता सापडले आहे, पण त्यावर काय करावे हे ठरत नाही, म्हणून इथे सविस्तर विचारत आहे. संध्याकाळी पाणी दिले की दुसऱ्या दिवशी सकाळी वाफ्यावर बोटाच्या जाडीच्या, नागमोडी, फुगलेल्या रेघा उमटलेल्या दिसतात. रेघेवर बोट दाबले की माती खचते, म्हणजे खाली पोकळी असते. या रेघांच्या वाटेत आलेली काही रोपे मान टाकून पडलेली असतात, तर काही थेट मातीलगत तुटलेली असतात.

अशाच एका ताज्या रेघेच्या टोकाशी खुरप्याने खणले, तेव्हा साधारण चार सेंटीमीटर लांबीचा तपकिरी किडा निघाला. अंगावर मखमली लव, पुढचे पाय रुंद आणि दातेरी, पंख अर्धे झाकलेले आणि मागे दोन लांब शेपट्या. त्याला मुठीत धरले तर तो पुढच्या दोन पायांनी माझी बोटे अक्षरशः बाजूला सारू लागला. एवढ्याशा जिवात एवढे बळ असेल असे वाटले नव्हते. चित्रांशी ताडून पाहिल्यावर हा मोल क्रिकेट, म्हणजे जमिनीत बोगदे करून राहणारा रातकिडा, असल्याची खात्री झाली.

अडचण पुढे आहे. काही जण सांगतात की हा मुळे कुरतडणारा किडा असून तो दिसताक्षणी नष्ट केला पाहिजे. काही जण तितक्याच खात्रीने सांगतात की तो हुमणी आणि इतर अळ्या खातो, त्यामुळे त्याला हात लावू नये. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते का? त्याचा आहार नेमका काय, तो खातो केव्हा आणि कुठे, एकाच बिळात राहतो की रोज नवे खणतो, आणि माझ्या वाफ्यातील रोपे त्याने खाल्ली आहेत की केवळ उखडली आहेत हे कसे ओळखावे, याबद्दल जाणकारांनी कृपया लिहावे. तो हाताळणे धोक्याचे आहे का, हेही सांगावे, कारण घरातील लहान मुलांना त्याचे फार कुतूहल आहे.

कीटकनोंदी

नमस्कार परसबागी. तुम्ही ऐकलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, आणि बहुतेक वेळा असतातही. मोल क्रिकेट हे एका किड्याचे नाव नसून ग्रिलोटाल्पिडी या संपूर्ण कुळाचे नाव आहे. या कुळात जगभरात मिळून शंभराच्या आसपास जाती आहेत, आणि ‘मोल क्रिकेट काय खातो’ या प्रश्नाचे उत्तर जातीगणिक बदलते. ढोबळमानाने सगळेच मिश्राहारी असतात: मुळे, कोवळे खोड, कंद, रुजणारे बी, गवताची पाती हे एकीकडे आणि गांडुळे, किड्यांच्या अळ्या, इतर लहान कीटक हे दुसरीकडे. फरक पडतो तो प्रमाणात.

याचे सर्वांत चांगले अभ्यासलेले उदाहरण अमेरिकेच्या आग्नेय भागातील आहे. विसाव्या शतकाच्या तोंडावर दक्षिण अमेरिकेतून निओस्कॅप्टेरिस्कस प्रजातीच्या काही जाती तिथे पोहोचल्या. त्या बहुधा जहाजांना स्थैर्य यावे म्हणून भरलेल्या मातीतून आल्या असाव्यात असे मानले जाते. त्यांपैकी दोन जाती दिसायला इतक्या सारख्या आहेत की त्या ओळखण्यासाठी पुढच्या पायाच्या दोन नखरांमधील खाच पाहावी लागते. तरीही आहारात मोठा फरक आहे. ‘टॉनी’ म्हणजे पिंगट मोल क्रिकेट (निओस्कॅप्टेरिस्कस व्हिसिनस) मुख्यतः वनस्पती खातो; गवताची मुळे आणि पाती हेच त्याचे प्रमुख अन्न. ‘सदर्न’ म्हणजे दक्षिणी मोल क्रिकेट (निओस्कॅप्टेरिस्कस बोरेली) मात्र मुख्यतः शिकारी आहे. पकडलेल्या किड्यांच्या आतड्यातील अन्नाची तपासणी करून हे निश्चित करण्यात आले. पहिल्याच्या पोटात प्रामुख्याने वनस्पतींचे तंतू सापडतात, दुसऱ्याच्या पोटात प्रामुख्याने किड्यांचे अवशेष.

आता तुमच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा. हा शिकारी दक्षिणी मोल क्रिकेटसुद्धा तिथे उपद्रवी कीड मानला जातो, आणि याचे कारण त्याचे तोंड नसून त्याचे पाय आहेत. तो अळीच्या किंवा गांडुळाच्या मागावर पृष्ठभागाच्या जेमतेम एक-दोन सेंटीमीटर खालून बोगदा काढत जातो. वाटेतील कोवळ्या रोपांची मुळे मातीपासून सुटतात, भोवती पोकळी राहते, ऊन चढले की ती मुळे सुकतात आणि रोप मान टाकते. किड्याने त्या रोपाचा एक घासही घेतलेला नसतो. म्हणून ‘रोप मेले, म्हणजे त्याने खाल्ले’ हा निष्कर्ष घाईचा ठरतो.

तुमच्या वाफ्यात दोन्ही प्रकारची रोपे आहेत असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून ती वेगवेगळी तपासावीत. मान टाकलेले रोप हलक्या हाताने उचलून मुळे पाण्यात धुवावीत. मुळे बारीक केसांसह शाबूत असतील, तर ते रोप केवळ उखडले गेले आहे. तशी रोपे सकाळीच पुन्हा दाबून, पाणी देऊन सावलीत धरली तर बहुतेक तगतात. मुळांची टोके खुडलेली, कडा चोथा झालेल्या, किंवा खोड जमिनीलगत ओबडधोबड तुटलेले असेल, तर ते खाणे आहे. मातीलगत खोड तोडणाऱ्या पतंगाच्या अळ्याही असतात, हे मात्र विसरू नये. तशी अळी दिवसा तुटलेल्या रोपाजवळच मातीत वेटोळे करून पडलेली सापडते आणि तिच्यापाशी बोगद्याची फुगलेली रेघ नसते.

हाताळण्याबद्दल: त्याला विष नाही, नांगी नाही, आणि तो माणसाला चावण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही. पुढच्या पायांचे दात बोटाला टोचू शकतात, इतकेच. काही जाती घाबरल्यावर शरीराच्या मागच्या टोकाकडून दुर्गंधीयुक्त चिकट द्रव सोडतात, त्यामुळे मुलांनी नंतर हात धुवावेत.

झटपट

इतका विचार कशाला? वाफ्यावर कीटकनाशक टाकून मोकळे व्हावे. खातो की उखडतो, रोपे तर जातातच.

परसबागी

कीटकनोंदी, मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे मुळे धुऊन पाहिली. मान टाकलेल्या बहुतेक रोपांची मुळे शाबूत निघाली आणि ती पुन्हा लावली आहेत. तुटलेल्या रोपांबाबत मात्र एक वेगळी गोष्ट दिसली: दोन ठिकाणी तुटलेले रोप शेंड्याकडून अर्धे मातीत ओढलेले होते आणि पाने एका छिद्रात कोंबल्यासारखी अडकली होती. हे त्याचेच काम असावे का? आणखी एक गोष्ट: दिवस मावळल्यावर वाफ्याच्या कडेने एक सलग, खोल घरघर ऐकू येते. जवळ गेले की थांबते. नेहमीच्या रातकिड्याच्या किरकिरीपेक्षा ती खालच्या पट्टीतली आहे.

झटपट, आपला मुद्दा समजला, पण ज्या वाफ्यातील भाजी घरीच खायची आहे त्यात नेमके कारण कळण्याआधी विष टाकण्याची माझी तयारी नाही.

शाळेतली प्रयोगशाळा

परसबागी, तुटलेले रोप छिद्रात ओढलेले दिसणे ही अगदी विश्वासार्ह खूण आहे. मोल क्रिकेट पाती, कोंब आणि लहान रोपे बिळात ओढून नेतो आणि तिथे निवांत खातो. बाहेर रेंगाळणे त्याला परवडणारे नसते, कारण पक्षी, बेडूक, चिचुंद्र्या असे अनेक जीव त्याच्यावर टपलेले असतात.

मी जीवशास्त्र शिकवते. विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी ओलसर मातीने भरलेल्या काचेच्या अरुंद टाकीत एक मोल क्रिकेट काही काळ ठेवला होता. टाकी अरुंद असल्यामुळे त्याचे बोगदे काचेला लागूनच निघत, आणि पुस्तकातून न कळणाऱ्या काही गोष्टी समोर दिसत. त्या लिहिते, कारण त्याच्या खाण्याचा आणि खणण्याचा संबंध त्यातून स्पष्ट होतो.

तो माती उकरून मागे फेकत नाही. दोन्ही पुढचे पाय तळवे बाहेर करून मातीत घालतो आणि मग जोर लावून दोन्ही बाजूंना फाकवतो. माती दोन्हीकडे दाबली जाते, फट रुंदावते आणि तो डोके पुढे सारतो. त्यामुळे बोगद्याच्या भिंती आपोआप दाबून गुळगुळीत होतात. बोगदा पृष्ठभागाजवळ असला की दाबलेल्या मातीला वर जाण्याखेरीज जागा नसते, आणि तुम्हाला वाफ्यावर दिसते ती फुगलेली रेघ तयार होते. वाटेत मूळ आडवे आले की दुसरीच क्रिया दिसते. त्याच्या पुढच्या पायाच्या नडगीवर जे पक्के, टोकदार दात असतात, त्यांच्यासमोर पावलाच्या पेरांवरचे दोन हलते दात येतात. हलते दात स्थिर दातांवरून सरकले की मधले मूळ कापले जाते. म्हणजे तो मुळे तोंडाने खाण्यासाठी जशी तोडतो, तशीच वाट मोकळी करण्यासाठी पायांनीही तोडतो. कीटकनोंदी यांनी सांगितलेल्या मुळे तपासण्याच्या खुणेत ही भर घालावी: मूळ एका जागी सरळ कापलेले असेल आणि खालचा तुकडा तिथेच पडलेला असेल, तर तेही खाणे नव्हे.

खाण्याच्या बाबतीत तो अजिबात चोखंदळ नव्हता. रुजवलेले गहू टाकले की रात्रीतून कोंब नाहीसे होत. बटाट्याची फोड पुरली तर खालच्या बाजूने कोरली जाई. गांडूळ सोडले, तेव्हा मात्र त्याची हालचाल एकदम बदलली. मिशांचा स्पर्श होताच तो थबकला, मग पुढच्या दोन्ही पायांमध्ये गांडूळ दाबून धरले आणि एका टोकापासून खायला सुरुवात केली. अर्धे गांडूळ तसेच टाकून तो निघून गेला आणि नंतर परत त्याच जागी आला. हा एका जातीच्या एका किड्याचा अनुभव आहे. तुमच्याकडची जात कदाचित अधिक शिकारी किंवा अधिक शाकाहारी असेल.

बोगद्यात तो मागेही तितक्याच वेगाने पळतो. शेवटाकडच्या ज्या दोन शेपट्या तुम्ही पाहिल्या, त्या स्पर्श आणि हवेची हालचाल जाणणाऱ्या आहेत, त्यामुळे पाठीमागे जाताना त्या मिशांचे काम करतात. तुम्ही वरून खणायला लागता तेव्हा तो पुढे न जाता मागे सरकून खोल उतरतो; म्हणून रेघेच्या टोकाशी खणूनही अनेकदा हाती काही लागत नाही.

मुलांना ठेवायचा असेल तर एका भांड्यात एकच ठेवावा. हे किडे एकमेकांना खातात, विशेषतः लहान पिल्ले एकत्र कोंडली तर. आणि माती ओलसर हवी, पण पाणी साचलेली नको. कोरड्या मातीत तो फार टिकत नाही.

ध्वनिवेध

परसबागी यांना ऐकू आलेल्या आवाजाबद्दल लिहितो, कारण या किड्याच्या सवयींपैकी माझ्या मते सर्वांत विलक्षण सवय तीच आहे.

तो नराचा आवाज आहे. पुढचे दोन पंख एकमेकांवर घासून तो निर्माण होतो, जसा इतर रातकिड्यांतही होतो. फरक असा की मोल क्रिकेटचा नर बाहेर येऊन गात नाही; तो गाण्यासाठी खास बीळ घडवतो. पृष्ठभागाकडे रुंद होत जाणारे कर्ण्याच्या आकाराचे तोंड, त्याच्या आत अरुंद गळा आणि त्यामागे गोलसर पोकळी अशी त्याची रचना असते. नर डोके आत आणि शेपटी बाहेरच्या बाजूला करून, पंख नेमके गळ्यापाशी येतील असा बसतो. हेन्री बेनेट-क्लार्क या ब्रिटिश संशोधकांनी १९७० साली दोन युरोपीय जातींच्या या बिळांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ग्रिलोटाल्पा ग्रिलोटाल्पा या जातीचा स्वर साधारण १.६ किलोहर्ट्‌झचा, म्हणजे तुम्ही म्हणता तसा खालच्या पट्टीतला, घरघरीसारखा असतो. ग्रिलोटाल्पा विनी या दुसऱ्या जातीचा स्वर सुमारे ३.५ किलोहर्ट्‌झचा असतो. तिचे बीळ दोन तोंडांचे आणि भिंती अतिशय गुळगुळीत असतात, आणि वारा नसलेल्या संध्याकाळी तिचा आवाज माणसाला ६०० मीटरपर्यंत ऐकू येऊ शकतो. बीळ तयार करताना नर मधूनमधून थोडा आवाज काढून पाहतो आणि पुन्हा माती दाबतो. हे मला त्या सगळ्या वर्णनात विशेष वाटते: एक किडा स्वतःच्या स्वराला जुळेल असे वाद्य मातीत घडवतो.

हे गाणे मादीसाठी असते. मादी उडत येते आणि आवाजाच्या दिशेने खाली उतरते. तिचे कान डोक्यावर नसून पुढच्या पायांच्या नडग्यांवर असतात. गाण्याची वेळ बहुतेक जातींत ठरलेली असते: सूर्यास्तानंतर लवकरच सुरुवात होते आणि तास-दोन तासांत बहुतेक नर गप्प होतात. अमेरिकेच्या आग्नेय भागातील फ्लोरिडा राज्यातील अभ्यासात असे आढळले की पुरेशा ओल्या मातीतील नर अधिक मोठ्याने गातात आणि मोठ्या आवाजाच्या नराकडे अधिक माद्या उतरतात. तिथले कीटकशास्त्रज्ञ थॉमस वॉकर यांनी तर या गाण्याची कृत्रिम नक्कल ध्वनिवर्धकावर वाजवून उडणारे मोल क्रिकेट पकडण्याचे सापळे तयार केले होते.

आपल्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. वाफ्यात रोज संध्याकाळी पाणी दिले जाते, म्हणजे भोवतालची जमीन कोरडी असताना तेवढाच तुकडा ओलसर राहतो. खणायला सोपी माती, वर आलेली गांडुळे, कोवळी मुळे आणि गाण्याला योग्य ओल, हे सगळे एकाच जागी जमते. पाणी सकाळी दिले आणि संध्याकाळपर्यंत वरचा थर वाफशावर येऊ दिला, तर पृष्ठभागालगतचे बोगदे कमी होण्याची शक्यता आहे, कारण माती कोरडी झाली की तो खोल ओलीकडे जातो. रात्री वाफ्याजवळ दिवा जळत असेल तर तोही बंद ठेवावा. उडणाऱ्या जाती प्रकाशाकडे ओढल्या जातात.

रोपवाटिकाकार

मी रोपे तयार करण्याच्या कामात आहे आणि या किड्याशी माझा बराच संबंध येतो. वरची माहिती फार उपयुक्त आहे. माझे लिहिणे मुख्यतः ‘आता करावे काय’ याबद्दल आहे, आणि झटपट यांच्या सल्ल्याबद्दलही, कारण तो सल्ला अनेक जण देतात.

आधी संख्या पाहावी. साधारण आठ लिटर पाण्यात भांडी घासण्याचा द्रव साबण तीन मोठे चमचे मिसळावा आणि ताज्या रेघा असलेल्या दोन फूट लांब, दोन फूट रुंद जागेवर हळूहळू ओतावा. साबणाच्या पाण्याने किडे अस्वस्थ होतात आणि तीनेक मिनिटांत पृष्ठभागावर येतात. हिरवळीसाठी असा ठोकताळा सांगितला जातो की एवढ्या जागेत सरासरी दोन ते चार किडे निघाले तरच उपायाची गरज आहे. भाजीच्या कोवळ्या रोपांना एक किडाही जड जातो हे खरे, पण एकच किडा असेल तर तो हाताने काढून दूर सोडणे पुरेसे असते. बाहेर आलेले किडे लगेच उचलावेत आणि ओतलेल्या जागेवर नंतर साधे पाणी द्यावे, म्हणजे साबणाचा रोपांना त्रास होत नाही. जमीन अगदी कोरडी असेल तर ही चाचणी फसते, कारण किडे खोलवर असतात. आदल्या दिवशी पाणी देऊन मग करावी.

कीटकनाशक घाईने टाकण्यातली मुख्य अडचण वेळेची आहे. मोल क्रिकेटच्या पिल्लांना कोशावस्था नसते; अंड्यातून निघालेले पिल्लू लहान, बिनपंखी मोल क्रिकेटच असते आणि कात टाकत टाकत मोठे होते. उबदार हवामानात बहुतेक जातींचे वर्षाला एकच चक्र पूर्ण होते, तर थंड प्रदेशात युरोपीय जातीला दोन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. लहान पिल्ले वरच्या थरात असतात आणि त्यांच्यावर उपाय लागू पडतो. मोठा किडा धोका जाणवताच अर्धा मीटर किंवा त्याहूनही खोल जाऊ शकतो, तिथवर औषध पोहोचतच नाही. त्याऐवजी मरतात ती वरच्या थरातील गांडुळे आणि मोल क्रिकेटला खाणारे इतर किडे. मग उरलेल्या मोल क्रिकेटना रान मोकळे मिळते. म्हणून मोठा किडा दिसल्यावर वाफा विषाने भिजवणे मला पटत नाही, आणि घरच्या भाजीत तर मुळीच नाही.

हाताने करण्यासारखे बरेच आहे. लावणीपूर्वी वाफा वीतभर खोल खणून उलटावा. त्यात बोगदे मोडतात, किडे आणि अंडी उघडी पडतात आणि पक्षी त्यांचा समाचार घेतात. अंड्यांची जागा ओळखता येते: घट्ट दाबलेल्या मातीचा लहान गोळा आणि आत पोकळी, आणि त्या पोकळीत पिवळसर किंवा करड्या छटेची लांबट-गोल अंडी. निओस्कॅप्टेरिस्कस प्रजातीतील मादी एका कप्प्यात पंचवीस ते साठ अंडी घालून कप्पा बंद करून निघून जाते, तर ग्रिलोटाल्पा प्रजातीतील मादी अंड्यांपाशी थांबते, ती चाटून बुरशीपासून स्वच्छ ठेवते आणि पिल्ले निघाल्यावरही काही काळ त्यांची राखण करते. असा कप्पा सापडला आणि जवळ मोठी मादी असेल, तर दोन्ही एकत्र उचलावे.

रोपे मोजकी असतील तर प्रत्येकाभोवती पुठ्ठ्याचे किंवा प्लास्टिकचे कडे पाच-सात सेंटीमीटर खोल दाबून बसवणे हा साधा उपाय आहे. पृष्ठभागालगतचा बोगदा कड्याला आपटून वळतो आणि मुळांभोवतीची माती हलत नाही. खोड टणक झाले आणि मुळे खोल गेली की धोका बराच कमी होतो. नुकसान मुख्यतः कोवळ्या अवस्थेतच होते. बी पेरण्याऐवजी कुंडीत थोडी मोठी केलेली रोपे लावली तरी हाच फायदा मिळतो.

परसबागी

सर्वांचे मनापासून आभार. साबणाच्या पाण्याची चाचणी वाफ्यात निरनिराळ्या जागी केली. एका ठिकाणी एक मोठा किडा आणि एक लहान पिल्लू निघाले, इतरत्र काहीच नाही. दोन्ही काढून वाफ्यापासून दूर, मोकळ्या गवताळ जागेत सोडले आहेत. पाणी आता सकाळी देतो. दोन शंका उरल्या आहेत. एक, तो गांडुळे खातो हे वाचल्यावर काळजी वाटते की वाफ्यातील गांडुळे संपतील का? दोन, विष न वापरता त्याची संख्या निसर्गात आटोक्यात राहते ती कशामुळे?

कीटकनोंदी

गांडुळांची काळजी करू नये. एक-दोन मोल क्रिकेट वाफ्यातील गांडुळांच्या संख्येवर डोळ्यांना दिसेल असा परिणाम करू शकत नाहीत.

दुसऱ्या शंकेचे उत्तर मोठे आहे, आणि ते पुन्हा फ्लोरिडाच्याच अनुभवातून द्यावे लागते. तिथे आलेल्या परक्या जातींना खाणारे खास शत्रू तिथे नव्हते, म्हणून त्या बेसुमार वाढल्या; दक्षिण अमेरिकेत त्यांच्या मूळ ठिकाणी त्या एवढ्या उपद्रवी नव्हत्या. फ्लोरिडा विद्यापीठाने १९७८ मध्ये या किड्यांवर दीर्घ संशोधन कार्यक्रम सुरू केला आणि त्यांचे मूळ शत्रू शोधून तिथे आणले. लारा बायकलर ही गांधीलमाशी त्यांतली एक. ती बिळात शिरून मोल क्रिकेटला पृष्ठभागावर पळायला लावते, नांगी मारून थोडा वेळ लुळा करते आणि त्याच्या पोटाखालच्या बाजूला एक अंडे चिकटवते. काही मिनिटांत किडा सावध होऊन पुन्हा बिळात जातो आणि खाऊ-खणू लागतो. अंड्यातून निघालेली अळी बाहेरून त्याच्यावर पोसते आणि शेवटी तो मरतो. ऑर्मिया डिप्लेटा ही माशी तर ध्वनिवेध यांनी वर्णन केलेले गाणे ऐकूनच नराचा माग काढते आणि त्याच्या अंगावर किंवा आसपास इवल्याशा अळ्या सोडते. ती १९८८ मध्ये तिथे सोडण्यात आली. तिसरा शत्रू म्हणजे स्टाइनरनिमा स्कॅप्टेरिसाय हा उरुग्वेमध्ये सापडलेला सूत्रकृमी, म्हणजे मातीतला धाग्यासारखा सूक्ष्म कृमी. तो किड्याच्या शरीरात शिरून सोबतचे जिवाणू सोडतो आणि त्यांमुळे किडा मरतो. गांडुळांना त्याची बाधा होत नाही. या तिन्हींमुळे त्या भागातील मोल क्रिकेटची संख्या पूर्वीपेक्षा बरीच घटली. बॉम्बार्डियर भुंगेऱ्यांच्या काही जातींच्या अळ्या तर मोल क्रिकेटच्या अंड्यांवरच वाढतात.

यातील विशिष्ट जीव तुमच्या परिसरात असतीलच असे नाही, पण ज्या जाती एखाद्या प्रदेशात मूळच्या असतात, त्यांच्या मागे तिथले गांधीलमाश्यांचे, सूत्रकृमींचे, बुरशींचे आणि पक्ष्यांचे सैन्य आधीपासून असते. वाफ्याच्या कडेला फुलझाडे असली तर प्रौढ गांधीलमाश्यांना मकरंद मिळतो आणि त्या तिथे टिकतात. लारा बायकलरसाठी फ्लोरिडात काही फुलझाडे याच हेतूने मुद्दाम लावली जातात.

दुसऱ्या टोकाचे उदाहरणही लक्षात घ्यावे. ग्रिलोटाल्पा ग्रिलोटाल्पा ही जात युरोपच्या काही भागांत बटाटा आणि भाज्यांची कीड समजली जाते, पण ब्रिटनमध्ये ती इतकी दुर्मीळ झाली आहे की एखादा किडा आढळला तरी त्याची आवर्जून नोंद घेतली जाते. म्हणून तुम्ही तो मारण्याऐवजी गवताळ जागेत सोडला हे मला योग्य वाटते. तो उडणाऱ्या जातीचा असेल तर परत येऊ शकतो. त्यामुळे कोवळी रोपे टणक होईपर्यंत सकाळी वाफ्यावरून एक नजर फिरवावी, आणि ताजी रेघ दिसली तर ती पायाने हलकेच दाबून बाजूच्या रोपांना लगेच पाणी द्यावे.

रोपवाटिकाकार

यात एकच जोड: दाबलेली रेघ दुसऱ्या दिवशी पुन्हा फुगली असेल तर तो बोगदा वापरात आहे असे समजावे, आणि साबणाचे पाणी नेमके तिथेच ओतावे. न फुगलेल्या जुन्या रेघांवर वेळ घालवू नये. तो अन्नाच्या शोधात रात्री नवे उथळ बोगदे काढतो आणि ते तसेच सोडून देतो. राहण्याचे बीळ उभे, खोल आणि बरेच दिवस तेच असते.